आट्यांतला गंज : विमानाच्या पायांच्या सक्तीच्या तपासणीचा इतिहास

९ सप्टेंबर २००७. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स, अर्थात एसएएस, या कंपनीचे एक विमान कोपनहेगनहून उत्तर डेन्मार्कमधील ऑल्बोर्गला निघाले होते. विमान कॅनडाच्या बाँबार्डिए कंपनीचे डॅश-८ क्यू-४०० जातीचे, दोन प्रोपेलरचे. आत ६९ प्रवासी आणि ४ कर्मचारी. उतरण्यापूर्वी वैमानिकांनी चाके खाली सोडली. पण उजव्या बाजूचे मुख्य चाक खाली येऊन जागेवर पक्के बसल्याची खूण काही मिळेना. सुमारे तासभर विमान आकाशात घिरट्या घालत राहिले. अखेर ते धावपट्टीवर टेकले, आणि उजवा पाय भार येताच दुमडला. पंख जमिनीला घासला, प्रोपेलरची पाती फुटून त्यांचे तुकडे प्रवासीकक्षावर आदळले, उजव्या इंजिनाने पेट घेतला. ११ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मृत्यू मात्र एकही झाला नाही.

तीनच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, त्याच कंपनीचे त्याच जातीचे दुसरे विमान कोपनहेगनहून लिथुआनियातील पलांगाकडे चालले होते. त्याचीही उजवीच बाजू, तोच बिघाड. विमान विल्निअसला वळवण्यात आले आणि तेथे तेही उजव्या पायावर कोसळले. ४८ प्रवासी व ४ कर्मचारी सुखरूप बाहेर पडले.

एक अपघात दुर्दैव म्हणून खपतो. तीन दिवसांत तसाच दुसरा झाला की त्याला कारण असावे लागते. एसएएसने त्याच दिवशी आपली सगळी क्यू-४०० विमाने जमिनीवर उभी केली. काही तासांतच बाँबार्डिएने जगभरातील ग्राहकांना कळवले, की ज्या विमानांची उड्डाणे १०,००० हून अधिक झाली आहेत, ती तपासल्याखेरीज उडवू नयेत. सुमारे ६० विमाने त्या एका सूचनेने थांबली. पाठोपाठ कॅनडाच्या हवाई सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ट्रान्सपोर्ट कॅनडाने, ही तपासणी सक्तीची केली.

‘सक्तीची’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. विमान बनवणारी कंपनी आपल्या विमानांविषयी वेळोवेळी सूचनापत्रके काढते. हा भाग तपासा, तो बदला, अमुक ठिकाणी वंगण वाढवा. अशी पत्रके शेकड्यांनी निघतात आणि ती बहुतांशी सल्ल्याच्या स्वरूपाची असतात. परंतु एखादा दोष विमानाच्या जिवावर बेतणारा आहे असे सरकारी यंत्रणेला वाटले, की ती ‘उड्डाणयोग्यता आदेश’ काढते, आणि त्या क्षणापासून त्या सल्ल्याचा कायदा होतो. आदेश न पाळलेले विमान कायद्याच्या दृष्टीने उडण्यास अपात्र. ज्या देशात विमानाची रचना झाली त्या देशाने आदेश काढायचा, आणि ते विमान वापरणाऱ्या देशांनी तो आपापल्या कायद्यात आणायचा, अशी ही साखळी आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या आधाराने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा तो भाग होय. म्हणूनच डेन्मार्कमध्ये मोडलेल्या पायाचा आदेश ओटावातून निघतो आणि नवी दिल्लीतील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या टेबलावरही पोहोचतो.

आता त्या पायात नेमके काय मोडले होते ते पाहू.

क्यू-४०० चे पंख विमानाच्या पाठीवर असतात आणि मुख्य चाकांचे लांब पाय इंजिनांच्या खोळीतून खाली येतात. पाय वर ओढण्यासाठी एक हायड्रॉलिक नळकांडे असते. त्यात तेलाच्या दाबाने सरकणारा दट्ट्या आणि दट्ट्याचा पोलादी दांडा. उड्डाणानंतर हे नळकांडे पाय आत ओढते. उतरताना त्याचे काम उलटे आणि जास्त नाजूक असते: खाली येणाऱ्या जड पायाला ते धरून ठेवते, हळूहळू सोडते, आदळू देत नाही. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून सरकू द्यावा पण सुटू देऊ नये, तसे.

या दांड्याच्या टोकाला एक जोडभाग आट्यांनी बसवलेला असतो. ऑल्बोर्गच्या विमानात नेमके हे आटे गंजले होते. जोडाच्या आत ओल शिरली आणि वर्षानुवर्षे आट्यांचा एकेक कंगोरा खात राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला दांडा धडधाकट, जोड धडधाकट. ९ सप्टेंबरला पाय खाली सोडला तेव्हा उरलेसुरले आटे सुटले, दांडा निखळला आणि पाय कोणाच्याही आधाराविना खाली आपटला. त्या हिसक्याने त्याला जागेवर पक्के धरणाऱ्या आडव्या आधाराचे कानच तुटले. पाय खाली तर आला, पण तो उभा राहू शकत नव्हता.

त्या विमानाच्या चाकांची तपासणी होत नव्हती, असे कोणी समजू नये. प्रवासी विमानाचे पाय रोज पाहिले जातात. प्रत्येक उड्डाणाआधी कोणी ना कोणी टॉर्च घेऊन त्यांच्याखाली वाकतो; टायर, तेलगळती, ब्रेक, दिसणारे तडे पाहतो. ठरावीक काळाने सखोल तपासणी होते आणि काही वर्षांनी संपूर्ण पाय उतरवून कारखान्यात धाडला जातो. या साऱ्यात जोडाच्या आतला तो पृष्ठभाग कोणाच्याही नजरेच्या टप्प्यात येत नव्हता. दुसरा अपघात झाल्यावर जगभरच्या कार्यशाळांत जेव्हा नेमका तोच जोड पाहिला जाऊ लागला, तेव्हा एसएएसच्या अनेक विमानांत गंज सापडला.

तपासणीच्या इतिहासात हा प्रसंग नवा नाही. त्याचे मूळ शोधायचे तर विमानाच्या जन्माआधी, आगगाडीकडे जावे लागते.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणारी एक खचाखच भरलेली गाडी मदाँजवळ उलटली. राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ झालेला उत्सव पाहून लोक घरी चालले होते. पुढच्या इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे त्यावर चढले, भट्टीतल्या निखाऱ्यांनी आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद असत; आतल्यांना निसटता आले नाही. ५० हून अधिक माणसे जळून मेली. दक्षिण ध्रुवाकडील समुद्र पालथे घालून परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल हा पत्नी आणि मुलासह त्या गाडीत होता. हिमखंडांतून वाचलेला माणूस घरापासून काही मैलांवर, एका आसापायी गेला.

तेव्हाच्या अभियंत्यांपुढचा प्रश्न असा होता, की जो आस हजारो वेळा तोच भार पेलतो, तो एके दिवशी कोणताही जादा भार नसताना का मोडावा? लोखंड ‘जुने होऊन’ आतून खडीसाखरेसारखे रवाळ बनते, असा एक समज बराच काळ टिकला. स्कॉटिश अभियंता रँकिन याने १८४३ मध्येच मोडलेल्या आसांचे निरीक्षण करून दाखवले, की तडा पृष्ठभागावरच्या एका कोपऱ्यातून निघतो आणि हळूहळू आत सरकत जातो. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर याने आसांना वारंवार वाकवणारी यंत्रे बांधली आणि वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यातून निघालेली गोष्ट आज शाळकरी वाटते. त्या काळी ती धक्कादायक होती. एका फटक्यात न मोडणारा भार लाखो वेळा दिला तर मोडतो. धातू थकतो.

या ज्ञानाचा व्यवहारातला अवतार म्हणजे रेल्वेच्या फलाटावर हातोडी घेऊन फिरणारा कर्मचारी. गाडी थांबली की तो चाकाचाकावर ठोका मारी आणि नाद ऐके. सुरेल नाद म्हणजे चाक शाबूत, बद्द आवाज म्हणजे तडा. भारतातल्या जुन्या प्रवाशांना हा आवाज चांगला परिचित आहे. रात्रीच्या गाडीत अर्धवट झोपेत तो ऐकू येई. सक्तीच्या तपासणीचे सगळे मूळ घटक त्यात होते: ठरलेले ठिकाण, ठरलेली वेळ, ठरलेली पद्धत. आणि एक मूळ मर्यादाही होती. हातोडी चाकावर पडे. चाकाच्या कुशीत घट्ट दाबून बसवलेल्या आसाच्या भागाबद्दल ती फारसे काही सांगू शकत नसे, आणि आसातले तडे पुष्कळदा तेथेच सुरू होत.

विमानांनी हा धडा पुन्हा एकदा, फार महाग किमतीत घेतला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने, एक एल्बा बेटाजवळ आणि दुसरे नेपल्सजवळच्या समुद्रावर, हवेतच फुटली. फार्नबरो येथील संशोधकांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात हवेच्या दाबाऐवजी पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा भरला आणि सोडला. प्रवासीकक्षाचा पत्रा एका कोपऱ्यातून फाटला. त्यानंतर रचनेचे एक नवे तत्त्व रुजले: एक भाग तुटला तरी शेजारच्याने भार घ्यावा. परंतु हे तत्त्वही अपुरे ठरले. १४ मे १९७७ रोजी झांबियातील लुसाका येथे उतरू पाहणाऱ्या एका जुन्या मालवाहू बोइंग ७०७ ची उजवी आडवी शेपटी धातूच्या थकव्याने तुटून पडली आणि विमानातील सहाही जण ठार झाले. त्या शेपटीत शेजारचा आधार ठेवलेला होता. पण तडा वेळेत दिसला नाही तर आधारालाही एकट्याने सारा भार सोसावा लागतो, आणि मग तोही थकतो.

याच सुमारास नियमांची भाषा बदलली. १९७८ मध्ये अमेरिकन नियमांत एक दुरुस्ती आली, जिचे सार असे: विमानात तडे असणारच असे गृहीत धरा. तडा किती वेगाने वाढतो याचे गणित मांडा. तो डोळ्याला किंवा यंत्राला दिसण्याएवढा होण्यापासून घातक होईपर्यंत किती उड्डाणे होतील ते काढा. त्या अवधीत किमान दोनदा तरी तपासणी व्हावी अशा बेताने मुदत ठरवा. आजच्या बहुतेक सक्तीच्या तपासण्यांच्या मुदती या विचारातून येतात. मुदत ही एक पैज असते, आणि तडा आपल्या अंदाजापेक्षा वेगाने धावणार नाही यावर ती लावलेली असते.

मात्र विमानाचे पाय या नव्या विचाराच्या बाहेर ठेवावे लागले. त्याला कारण पोलाद.

मोठ्या विमानांच्या पायांसाठी वापरले जाणारे पोलाद बांधकामातल्या साध्या पोलादाच्या सुमारे चौपट मजबूत असते. तसे नसते तर पाय इतके जाड करावे लागले असते, की ते विमानाच्या पोटात मावलेच नसते आणि त्यांच्या वजनापायी प्रवासीच कमी न्यावे लागले असते. परंतु पोलाद जितके कडक, तितके ते तड्यापुढे असहिष्णू. पत्र्यातला तडा इंच दोन इंच वाढेपर्यंत तग धरता येतो. या पोलादात काही मिलिमीटरचा तडाही घातक ठरू शकतो. म्हणजे दिसण्याएवढा तडा आणि मोडण्याएवढा तडा यांच्यातला अवधी फार थोडा. त्या अवधीत दोनदा तपासणी बसवायची कशी? म्हणून नियमांनी पायांसाठी जुनीच पद्धत कायम ठेवली. प्रयोगशाळेत पायाला अपेक्षित आयुष्याच्या कित्येक पट ठोके द्यायचे, त्यातून सुरक्षित आयुष्याचा एक आकडा काढायचा, आणि तितक्या वेळा उतरून झाले की भाग दिसायला कितीही चांगला असला तरी भंगारात टाकायचा. सरकारी नोकरीतल्या निवृत्तीच्या वयासारखेच हे. प्रकृती ठणठणीत आहे या सबबीवर मुदतवाढ नाही.

हे गणित एका अटीवर उभे आहे. भाग त्याच्या आयुष्यभर तसाच राहिला पाहिजे, जसा तो प्रयोगशाळेत होता. ओरखडा नको, खड्डा नको, गंज नको. गंजाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा एक खड्डाही तड्याला जन्म देतो आणि निवृत्तीच्या वयाचा तो आकडा निरर्थक ठरवतो. थकवा ठोके मोजतो, तर गंज दिवस मोजतो. विमान उडत असो वा हँगरमध्ये उभे असो, त्याचे काम चालूच. म्हणून पायांच्या संपूर्ण ओव्हरहॉलची मुदत दोन भाषांत लिहिलेली असते: इतकी वर्षे किंवा इतक्या वेळा उतरणे, जे आधी पुरे होईल ते.

ओव्हरहॉल हे काम पाहण्यासारखे असते. पाय विमानापासून उतरवून त्याचा सांधा न् सांधा मोकळा करतात. रंग आणि जुना मुलामा काढून पोलाद उघडे करतात. मग त्या भागात चुंबकत्व भरून त्यावर लोखंडाची चमकदार भुकटी सोडतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली तड्याच्या रेषेवर भुकटी गोळा होऊन हिरवट उजळते. दोष नसेल तर नवा मुलामा चढतो. बहुधा तो कॅडमियमचा असतो, कारण कॅडमियम स्वतः गंजून पोलादाला वाचवते. आणि येथे एक विचित्र धोका दडलेला आहे. मुलाम्याच्या प्रक्रियेतच हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो. तो बाहेर घालवण्यासाठी भाग भट्टीत अनेक तास तापवत ठेवावा लागतो. ते तापवणे चुकले, तर रक्षणासाठी केलेले कामच पुढे पाय मोडते.

अमेरिकेत मेम्फिस आणि फोर्ट लॉडरडेल येथे झालेल्या दोन अपघातांची जोडी या संदर्भात ऑल्बोर्गपेक्षाही बोलकी आहे.

२८ जुलै २००६ रोजी मेम्फिसला उतरताना फेडेक्सच्या एका एमडी-१० मालवाहू विमानाचा डावा मुख्य पाय मोडला आणि विमानाला आग लागली. आतले लोक बचावले. तपासात तड्याचा उगम पायाच्या नळकांड्यातील एका लहान भोकाशी सापडला. धक्के शोषण्यासाठी लागणारा वायू त्या भोकातील झडपेतून भरला जातो. एफएए या अमेरिकी यंत्रणेने २००८ मध्ये त्या भोकाची तपासणी सक्तीची करणारा आदेश काढला. मुलाम्याच्या कामात भोकात चुकून साचलेला निकेल वा क्रोमचा थर हा त्या शोधाचा मुख्य विषय होता.

२८ ऑक्टोबर २०१६. त्याच कंपनीचे त्याच जातीचे विमान मेम्फिसहून फोर्ट लॉडरडेलला उतरले आणि त्याचाही डावा पाय मोडला. डाव्या पंखाने पेट घेतला. दोघे वैमानिक निसटले. तडा कोठून निघाला? त्याच झडपेच्या त्याच भोकातून. फरक एवढाच, की या वेळी तेथे असायला हवा तो कॅडमियमचा मुलामा नव्हता. उघड्या पोलादावर गंजाचा खड्डा पडला, खड्ड्यातून तडा निघाला. मुलामा का नव्हता हे उपलब्ध पुराव्यांवरून ठरवता आले नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नमूद केले आहे.

त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. विमान बनवणाऱ्यांनी पायाच्या ओव्हरहॉलसाठी ८ वर्षांची मुदत सुचवली होती. कंपनीच्या स्वतःच्या कार्यक्रमात ती ९ वर्षे होती. मोडलेल्या पायाची आठ वर्षे उलटून गेली होती, नऊ व्हायची होती. वाढवलेल्या मुदतीत तडा वेळेवर सापडेल हे दाखवणारी पुरेशी आकडेवारी व विश्लेषण नसताना ती वाढवली गेली, आणि अपघातास हेही कारणीभूत ठरले, असे मंडळाने म्हटले. येथे कोणताही नियम चोरून मोडलेला नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आठ वर्षे ही शिफारस होती, आदेश नव्हता. सल्ला आणि कायदा यांतल्या फरकाचे वर वर्णन आले आहे. त्या फरकाची लांबी येथे एक वर्ष होती.

आदेशांच्या संपूर्ण परंपरेवर या जोडीने एक प्रश्नचिन्ह उमटते. आदेश हा मोडलेल्या भागाची आठवण असतो. मागच्या वेळी जेथे जे सापडले, तेथे तेच शोधायला तो सांगतो. पुढचा बिघाड त्याच जागी पण वेगळ्या कारणाने, किंवा त्याच कारणाने पण शेजारच्या जागी येऊ शकतो, आणि तेव्हा तपासणीच्या कागदावरचे सगळे रकाने प्रामाणिकपणे भरलेले असतात. याचा अर्थ आदेश निरुपयोगी असतात असा मुळीच नव्हे. २००७ च्या सप्टेंबरमध्ये ती तपासणी सक्तीची झाली नसती, तर गंजलेल्या आट्यांची आणखी काही विमाने धावपट्टीवर कोसळली असती, हे उघड आहे. पण तपासणीचा आदेश आणि सुरक्षितता या दोन गोष्टी एकच मानण्याची सवय धोक्याची, एवढे मात्र तो इतिहास सांगतो.

एसएएसला याचा अनुभव सहा आठवड्यांतच आला. तपासण्या पार पडल्या, आट्यांचा प्रश्न निकाली निघाला, विमाने पुन्हा उडू लागली. २७ ऑक्टोबर २००७ रोजी नॉर्वेतील बेर्गनहून आलेले क्यू-४०० कोपनहेगनला उतरू लागले, तर उजवा पाय खालीच येईना. आधीच्या दोन अपघातांत प्रोपेलरचे काय झाले होते ते आता ठाऊक होते. या वेळी टेकण्यापूर्वी उजवे इंजिन बंद होते. विमान उजव्या पंखावर घसरत धावपट्टीबाहेर गेले. दोन तान्ह्या मुलांसह आतील ४४ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

सगळ्यांची पहिली शंका अर्थातच गंजाची होती. ती खोटी ठरली. हायड्रॉलिक यंत्रणेत तेलाचा वेग आवरणाऱ्या एका झडपेचे बारीक छिद्र रबरी कड्याने बुजले होते. सांध्यातून गळती होऊ नये म्हणून घालतात तसे ते साधे कडे. ते आपल्या जागी नव्हते, भलत्याच ठिकाणी जाऊन अडकले होते. तेलाला वाट मिळाली नाही, म्हणून पाय सुटला नाही. आट्यांच्या तपासणीत हे सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

तांत्रिक दृष्ट्या हा वेगळा, आधीच्या दोहोंशी संबंध नसलेला बिघाड होता. युरोपीय व कॅनेडियन यंत्रणांनी क्यू-४०० च्या पायांच्या रचनेचा पुन्हा आढावा घेतला आणि ती योग्य असल्याचे सांगितले. पण प्रवाशांना दोन कारणांतला फरक समजावून सांगणे एसएएसला अशक्य वाटले असावे. सात आठवड्यांत तिसऱ्यांदा तीच छायाचित्रे वृत्तपत्रांत आली होती: एका कुशीवर कललेले विमान, फेसाने माखलेले इंजिन. दुसऱ्याच दिवशी कंपनीने आपली २७ क्यू-४०० विमाने सेवेतून कायमची काढून टाकली. या विमानावरचा विश्वास बराच घटला आहे, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखांनी दिली. पुढच्या मार्चमध्ये बाँबार्डिएशी नुकसानभरपाईची तडजोड झाली, आणि तिचाच भाग म्हणून एसएएसने त्याच कारखानदाराकडे नव्या विमानांची मागणी नोंदवली. त्यांतही क्यू-४०० होतीच! व्यापारात राग फार दिवस टिकत नाही.

आणखी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. तेव्हा एसएएसच्याच मालकीच्या विदेरो या नॉर्वेजियन कंपनीने आपली क्यू-४०० विमाने सोडली नाहीत. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर ती उडत राहिली. पोलाद, पाय आणि मालक एकच असता एकाने विमान टाकले आणि दुसऱ्याने ठेवले. विश्वास ही गोष्ट आट्यांसारखी मोजता येत नाही.

हे विमान भारतालाही अपरिचित नाही. स्पाइसजेटने २०११ मध्ये ते ताफ्यात घेतले आणि लहान शहरांच्या धावपट्ट्यांवर ते नित्याचे झाले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे विल्निअसच्या अपघातानंतर बरोबर अठरा वर्षांनी, कांडल्याहून मुंबईला निघालेल्या क्यू-४०० चे बाहेरच्या बाजूचे एक चाक उड्डाणानंतर कांडल्याच्या धावपट्टीवर पडलेले आढळले. हा प्रकार २००७ पेक्षा निराळा. तेथे पाय दुमडले होते, येथे पाय जागेवर होता आणि चाक गेले होते. मुंबईत पूर्ण आणीबाणी जाहीर झाली, अग्निशमन दल धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. मुख्य पायाला दोन दोन चाके असतात ती अशाच प्रसंगासाठी. विमान उरलेल्या चाकांवर दुपारी चारच्या सुमारास सरळ उतरले, स्वतःच्या बळावर चालत टर्मिनलपाशी गेले, आणि ७५ प्रवासी नेहमीप्रमाणे शिडीने खाली आले.